वाढ थांबते, जीव जात नाही

१९४४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात जोसेफ बिगर या आयरिश जिवाणूशास्त्रज्ञाचा एक लेख आला. पेनिसिलिन तेव्हा नवे होते आणि युद्धातल्या जखमींसाठी काटकसरीने वापरले जात होते. त्याच्याबद्दल वाईट बोलायची कोणाची इच्छा नव्हती. बिगरने स्टॅफिलोकॉकस या पू करणाऱ्या जंतूंनी गढूळ झालेल्या पोषक द्रवात पेनिसिलिन घातले. द्रव निवळला. तरीही त्यातला थोडा भाग नव्या अन्नावर पसरला की जंतू उगवून येत. हिशेब केला तर साधारण दहा लाखांतला एक वाचत होता.

कोणालाही वाटेल की ही एखादी नवी, चिवट जात असणार. बिगरने वाचलेले जंतू वाढवले आणि त्यांच्या संततीला पुन्हा तेच पेनिसिलिन दिले. संतती आधीच्यांसारखीच मेली, आणि पुन्हा तसाच एखादा उरला. औषध निकामी करण्याची कोणतीही शक्ती वाचलेल्यांकडून पुढे गेली नव्हती. बिगरने त्यांना 'पर्सिस्टर' असे नाव दिले आणि अंदाज केला की औषध आले त्या वेळी हे जंतू वाढतच नसावेत. अंदाज बरोबर निघाला, पण तो पुरता सिद्ध व्हायला साठ वर्षे गेली.

वर्तमानपत्रांत आपण ज्या प्रतिरोधाबद्दल वाचतो, तो प्रकार वेगळा. प्रतिरोधी जंतू औषधाच्या समक्ष वाढतो. त्याच्याकडे पेनिसिलिनचा रेणू फोडणारे एन्झाइम असते, किंवा औषध जिथे चिकटते ती जागाच बदललेली असते. बिगरचे जंतू औषध असेपर्यंत एकाचे दोन होत नाहीत. ते फक्त मरत नाहीत. औषध ओसरले की कामाला लागतात. या तग धरण्याला सहनशीलता म्हणतात. ती कधी लाखांतल्या एखाद्याकडे असते, कधी अख्ख्या वस्तीकडे. प्रतिरोधाची चर्चा खूप झाली आहे. सहनशीलतेची झाली नाही, आणि माझ्या मते याचे कारण इतकेच की ती नेहमीच्या तपासणीत दिसत नाही.

ती समजून घ्यायला आधी भिंत समजून घ्यावी लागते. जिवाणूच्या आत क्षार, साखरा, अमिनो आम्ले आणि प्रथिने यांची दाटी असते. त्यामुळे बाहेरचे पाणी सतत आत शिरू पाहते आणि आतून दाब तयार होतो. स्टॅफिलोकॉकसमध्ये हा दाब सुमारे २० वातावरणांइतका असतो. मोटारीच्या टायरमध्ये दोन-अडीच भरतो, यावरून कल्पना यावी. पेशीचे पटल म्हणजे स्निग्ध रेणूंचा पातळ पापुद्रा, हा दाब त्याच्याने पेलवत नाही. म्हणून पटलाबाहेर पेप्टिडोग्लायकनची जाळी असते. दोन प्रकारच्या शर्करा एकाआड एक गुंफून लांब साखळ्या बनतात. प्रत्येक साखळीतून अमिनो आम्लांचे छोटे शेपूट लोंबते, आणि शेजारच्या साखळ्यांची शेपटे एकमेकांना जोडली की जाळी घट्ट होते. ही सगळी जाळी म्हणजे पेशीभर पसरलेला एकच प्रचंड रेणू असतो. माणसाच्या पेशींना अशी भिंत नाही. पेनिसिलिन आपल्याला इतके कमी बाधते ते त्यामुळेच, अर्थात अ‍ॅलर्जीची गोष्ट सोडून.

आता अडचण अशी की जिवाणूला वाढायचेही असते. इ. कोलाय हा जिवाणू सोयीच्या परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, आणि त्याच्याबरोबर भिंतही दुप्पट व्हावी लागते. पण जाळी बंद आहे आणि ताणलेली आहे. वर माणूस निजलेला असताना बाजेचे सुंभ जागोजाग कापून, मध्ये नवे सुंभ विणून ती रुंद करायची, आणि निजलेला खाली पडता कामा नये, असे हे काम. कापण्यासाठी जिवाणूकडे स्वतःची एन्झाइमे असतात. जोडण्यासाठी वेगळी असतात. कापणी आणि विणकाम एकमेकांच्या पायात पाय घालून चालते. इ. कोलायमध्ये एका पिढीच्या काळात जुन्या भिंतीचा निम्म्याच्या आसपास भाग कापून काढला जातो, आणि सुटलेले तुकडे पुन्हा वापरात येतात.

पेनिसिलिन जोडणाऱ्या एन्झाइमांना गाठते. शेपटाच्या टोकाला डी-अ‍ॅलनिन या अमिनो आम्लाचे दोन रेणू असतात. जोडणारे एन्झाइम ही जोडी पकडते, शेवटचा रेणू तोडते आणि उरलेले टोक शेजाऱ्याला जोडते. डोनल्ड टिपर आणि जॅक स्ट्रॉमिंजर यांनी १९६५ साली दाखवून दिले की पेनिसिलिनच्या रेणूचा आकार या जोडीशी मिळताजुळता आहे. एन्झाइम फसून त्याला पकडते, पेनिसिलिनचे चौकोनी कडे उघडते आणि तिथेच पक्के चिकटून बसते. अ‍ॅम्पिसिलिन, अ‍ॅमॉक्सिसिलिन, सेफॅलोस्पोरिन आणि मेरोपेनेम ही सारी याच घराण्यातली. व्हँकोमायसिन वेगळ्या कुळातले. ते एन्झाइमाला सोडून थेट शेपटाचे टोकच झाकून टाकते.

इथपर्यंत फक्त वाढ थांबायला हवी. विणकाम बंद पडले, भिंत आहे तेवढी राहिली, जिवाणू बसून राहिला, असे का होत नाही? कारण कापणारी एन्झाइमे थांबत नाहीत. जाळीला भोके पडतात, भोकातून पटलाचा फुगा बाहेर येतो आणि फुटतो. सूक्ष्मदर्शकाखाली अ‍ॅम्पिसिलिन दिलेल्या इ. कोलायच्या मधोमध हा फुगा स्पष्ट दिसतो. २०१४ साली हार्वर्डमधल्या टॉमस बर्नहार्ट यांच्या गटाने यात आणखी एक गोष्ट दाखवली. औषधामुळे जोडणी अडली तरी नव्या साखळ्या तयार होतच राहतात, आणि न जोडल्या गेलेल्या त्या साखळ्या लगेच कापल्या जातात. जिवाणू घडवत राहतो आणि मोडत राहतो, त्यात त्याचा कच्चा माल संपतो. म्हणजे पेनिसिलिन स्वतः जिवाणूला फोडत नाही. ते एक काम अडवते, आणि बाकीचा घात जिवाणू स्वतःच्या हाताने करतो.

हे एकदा ध्यानात आले की जगण्याच्या वाटाही ओघानेच सुचतात. पहिली वाट म्हणजे वाढूच नये. वाढ नाही तर कापणीही जवळपास नाही, मग विणकाम अडल्याने बिघडते काय? न्यूयॉर्कमध्ये ग्लॅडिस हॉबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४२ सालीच नोंदवले होते की पेनिसिलिन वाढत्या जंतूंनाच मारते. आनुवंशिकीवाल्यांनी तर या उणिवेचे हत्यार केले. १९४८ साली जोशुआ लेडरबर्ग आणि बर्नार्ड डेव्हिस यांनी स्वतंत्रपणे एक युक्ती मांडली. एखादे अमिनो आम्ल स्वतः बनवू न शकणारे उत्परिवर्तित जंतू हवे असतील, तर ते आम्ल नसलेल्या द्रवात सगळे जंतू ठेवायचे आणि पेनिसिलिन घालायचे. धडधाकट जंतू वाढतात आणि मरतात. पंगू जंतू उपाशी राहतात, म्हणून वाचतात.

दवाखान्यात मात्र याची किंमत माणसांनी मोजली. १९५१ साली मार्क लेपर आणि हॅरी डाउलिंग यांनी न्यूमोकॉकसमुळे मेंदूच्या आवरणाला सूज आलेल्या रुग्णांचा तपशील प्रसिद्ध केला. काहींना नुसते पेनिसिलिन दिले होते, काहींना पेनिसिलिन आणि जोडीला ऑरिओमायसिन, म्हणजे टेट्रासायक्लिन कुळातले औषध. एकापेक्षा दोन बरी, असे कोणीही म्हणेल. दोन्ही मिळालेल्या १४ पैकी ११ रुग्ण दगावले. नुसते पेनिसिलिन मिळालेल्यांत हे प्रमाण तिसऱ्या हिश्श्याहून कमी होते. ऑरिओमायसिन जिवाणूंची प्रथिने बनणे थांबवते, त्यामुळे वाढ थांबते. आणि न वाढणाऱ्या जंतूला पेनिसिलिन मारू शकत नाही. दुसऱ्या औषधाने पहिल्याचे दात काढून घेतले होते. पुढच्याच वर्षी हॅरी ईगल यांनी उंदरांवर दाखवले की संसर्ग जुना होऊन जंतूंची वाढ मंदावली की तेच पेनिसिलिन कमी पडते. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या मदतीने उभ्या राहिलेल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समधून १९५५ साली पेनिसिलिन बाहेर पडू लागले, तेव्हा त्याची ही मर्यादा जगातल्या जाणकारांना चांगलीच ठाऊक होती. गळू झाले की गोळ्यांवर न भागवता पू काढून टाकतात, त्याच्या कारणांतले हे एक.

न वाढणारा जंतू औषधामुळे झोपतो की आधीपासूनच झोपलेला असतो? याचे उत्तर २००४ साली नताली बालाबान यांनी दिले. एका पेशीच्या रुंदीच्या खाचा असलेल्या छोट्या पट्टीवर त्यांनी इ. कोलाय ओळीने वाढवले आणि औषधाच्या आधी, औषध असताना आणि नंतर त्यांचे चित्रण केले. साध्या वस्तीत पर्सिस्टर फार विरळ, म्हणून त्यांनी ते जास्त प्रमाणात निपजणारा उत्परिवर्तित वाण घेतला. चित्रफीत उलटी फिरवून पाहता वाचलेले जंतू औषध यायच्या आधीपासूनच सुस्त होते. शेजारी त्याच जनुकांचे भाऊबंद भराभर दुभंगत होते आणि हे पडून होते. वस्तीतला एखादा सदस्य कारणाशिवाय मागे राहतो, एवढेच. संकट आले नाही तर तो फक्त मागे पडतो. आले तर वंश त्याच्यावर चालतो.

क्षयाच्या बाबतीत ही सुस्ती आपल्याकडे घराघरांत पोचलेली आहे, फक्त त्या रूपात ती कोणी ओळखत नाही. आयसोनियाझिड हे औषधही भिंतीवरच चालते. क्षयजंतूच्या आवरणातली मायकोलिक आम्ले बनण्यात ते अडथळा आणते. पहिल्या दोन-तीन दिवसांत ते वाढत्या जंतूंचा फडशा पाडते, त्यानंतर त्याचा वेग एकदम उतरतो, कारण उरलेले जंतू मंद असतात. म्हणून रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड जोडीला लागतात, आणि उपचार सहा महिने चालतो. खोकला महिन्याभरात थांबतो, वजन वाढते, रुग्णाला वाटते झाले. उरलेले पाच महिने मुख्यतः या सुस्त मंडळींसाठी असतात.

सुस्ती निव्वळ योगायोगाची नसते, ती निवडीने घडवताही येते, हे २०१४ साली जेरुसलेममध्ये बालाबान यांच्याच प्रयोगशाळेने दाखवले. इ. कोलायच्या वस्त्यांना रोज ठरावीक वेळ अ‍ॅम्पिसिलिन दिले, एकीला ३ तास, दुसरीला ५, तिसरीला ८. मग औषध धुऊन वाढू दिले, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. थोड्याच फेऱ्यांत वस्त्या मरेनाशा झाल्या. प्रतिरोध कुठेच नव्हता, औषध असताना एकही वस्ती वाढत नव्हती. बदलली होती ती ताज्या अन्नात टाकल्यावर जागे व्हायला लागणारी वेळ. ज्या वस्तीला जितके तास औषध मिळत होते, साधारण तितकेच तास ती उशिरा उठू लागली. जंतूला घड्याळ कळत नाही. लवकर उठणारे मेले आणि फार उशिरा उठणारे मागे पडले, एवढ्याच चाळणीतून हे अचूक वेळापत्रक निघाले. या विषयातला मला सर्वांत आवडणारा प्रयोग हाच.

दुसरी वाट म्हणजे वाढावे, पण औषध आले की कापणी बंद ठेवावी. रॉकफेलर विद्यापीठातले अलेक्झांडर टोमाझ यांनी १९७० साली याचा पुरावा दिला, तोही विलक्षण साध्या रीतीने. न्यूमोकॉकसच्या भिंतीत कोलीन हा रेणू असतो, आणि त्याचे कापणारे एन्झाइम कोलीनला धरूनच काम करते. टोमाझ यांनी अन्नात कोलीनऐवजी एथनॉलअमीन दिले. जंतूंनी तेच भिंतीत घातले आणि ते वाढत राहिले. आता पेनिसिलिन दिल्यावर त्यांची वाढ नेहमीच्याच मात्रेला थांबली, पण एकही फुटला नाही. कापणाऱ्या एन्झाइमाला धरायला जागाच उरली नव्हती. औषध आपल्या लक्ष्यापर्यंत पोचले होते, लक्ष्य निकामीही झाले होते, तरी मरण आले नाही.

तिसरी वाट सर्वांत धाडसी. भिंत गेली तर जाऊ द्यायची. लेडरबर्ग यांनीच १९५६ साली इ. कोलायला २० टक्के साखरेच्या द्रवात पेनिसिलिन दिले. बाहेर इतकी साखर असली की पाणी आत घुसत नाही. दंडगोल जंतू फुटण्याऐवजी गोळे झाले, आणि पेनिसिलिन काढल्यावर पुन्हा दंडगोल झाले. त्याच्याही आधी, १९३५ साली, नाझी जर्मनीतून लंडनला आलेल्या एमी क्लिनेबर्गर यांनी भिंतीविना जगणारे जिवाणू पाहिले होते. लिस्टर इन्स्टिट्यूटच्या नावावरून त्यांना 'एल-रूप' म्हणतात. बराच काळ हे प्रयोगशाळेतले नवल म्हणूनच राहिले. पण दाट लघवीत विरघळलेले पदार्थ भरपूर असतात, आणि २०१९ साली न्यूकॅसलच्या जेफ एरिंग्टन यांच्या गटाला वारंवार मूत्रसंसर्ग होणाऱ्या वृद्धांच्या लघवीत अशी भिंतहीन रूपे सापडली.

साखरेच्या आधाराशिवायही काही जण हे जमवतात. कॉलऱ्याचा जंतू त्यातला नमुनेदार. कॉलऱ्यावर पेनिसिलिन देत नाहीत, तिथे मुख्य उपचार मीठ-साखर-पाण्याचाच असतो. पण भिंतीचा अभ्यास करायला हा जंतू फार सोयीचा ठरला, आणि हार्वर्डमध्ये मॅथ्यू वॉल्डर यांच्याकडे व पुढे कॉर्नेल विद्यापीठात टोबियास ड्योर यांनी तो बारकाईने केला. स्वल्पविरामासारखा हा वाकडा जंतू, वाढ थांबवायला लागते त्याच्या कितीतरी पट पेनिसिलिनमध्ये ठेवला तरी तासन् तास जिवंत राहतो. त्याची भिंत खरोखरच नाहीशी होते, तो गोल आणि मोठा होतो. मग त्याला फुटण्यापासून कोण आवरते? इथे त्याचे बाहेरचे पटल कामी येते. इ. कोलाय, क्लेब्सिएला, कॉलऱ्याचा जंतू या गटात पेप्टिडोग्लायकनच्याही बाहेर आणखी एक पटल असते. औषधे अडवणारा पडदा एवढेच त्याचे काम, असे वर्षानुवर्षे शिकवले गेले. २०१८ मध्ये एन्रिके रोहास आणि सहकाऱ्यांनी त्याची ताकद मोजली, तेव्हा ते ताण पेलण्यात भिंतीच्या तोडीचे निघाले.

नुसते टिकणे पुरेसे नाही, भिंत पुन्हा उभारावी लागते. त्यासाठी कॉलऱ्याच्या जंतूत दोन प्रथिनांची जोडी आहे. एक पटलात बसून भिंतीच्या हानीची खबर घेते, दुसरे आत जाऊन जनुके चालू करते. खबर मिळाली की भिंत बांधणाऱ्या एन्झाइमांची सगळी फळी वाढवली जाते, आणि औषध ओसरताच बांधकाम वेगाने सुरू होते. त्याच वेळी पेशी लोह आत घेणे कमी करते, कारण मोकळे लोह अशा जखमी पेशीत घातक ऑक्सिजन-रेणू वाढवते. ही जोडी काढून टाकलेले जंतू पेनिसिलिनमध्ये मरतात. असेच गोळे होऊन तगणे मेरोपेनेमच्या समोर क्लेब्सिएला आणि एन्टरोबॅक्टर यांच्या रुग्णांतून मिळालेल्या वाणांतही दिसले आहे, आणि मेरोपेनेम हे अतिदक्षता विभागात हाताशी राखून ठेवलेले औषध आहे.

प्रयोगशाळेच्या कल्चर रिपोर्टवर हे सगळे 'सेन्सिटिव्ह' म्हणूनच येते. तपासणीत जंतू बशीतल्या अन्नावर पसरून औषधाची गोल चकती ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी तिच्याभोवती किती रुंद स्वच्छ कडे पडले ते मोजतात. कड्यात जंतू वाढले नाहीत इतकेच त्यातून कळते. ते मेले की नुसते थांबले, हे त्यातून कळत नाही. सहनशीलता मोजायची तर मात्रेऐवजी वेळ मोजावी लागते. ९९ टक्के वस्ती मरायला किती तास लागले, हा त्याचा एक मापदंड. २०१७ साली बालाबान यांच्या गटाने याहून सोपी रीत काढली. पहिल्या दिवसानंतर औषधाची चकती उचलायची, त्याच जागी ग्लुकोजची ठेवायची आणि बशी आणखी एक दिवस ऊबेत ठेवायची. स्वच्छ कड्यात वसाहती उगवल्या, तर तिथले जंतू तग धरून होते. त्याच वर्षी त्याच गटाने दाखवले की मधूनमधून अ‍ॅम्पिसिलिन मिळालेल्या वस्तीत आधी सहनशीलता येते आणि मग तिच्या आधाराने प्रतिरोध. जे मेलेच नाहीत त्यांना पुढच्या उत्परिवर्तनाची वाट पाहायला सवड मिळते.

डॉक्टरांचा या जंतूंशी सर्वांत जुना आणि उघड सामना हृदयाच्या झडपेवर होतो. एन्टरोकॉकस हा आतड्यातला रहिवासी रक्तात शिरून झडपेवर बसला की पेनिसिलिनने त्याची वाढ थांबते, पण तो मरत नाही, आणि झडपेवरच्या गाठीत त्याला उचलून नेणाऱ्या पांढऱ्या पेशीही फारशा पोचत नाहीत. पेनिसिलिनच्या पहिल्या दशकातच लक्षात आले की जोडीला स्ट्रेप्टोमायसिन दिले तर असे रुग्ण बरे होतात, जरी एकट्या स्ट्रेप्टोमायसिनचा या जंतूवर फारसा परिणाम नसतो. याचे कारण १९७१ साली बोस्टनमध्ये रॉबर्ट मोलरिंग आणि आर्नल्ड वाइनबर्ग यांनी किरणोत्सारी कार्बन जोडलेले स्ट्रेप्टोमायसिन वापरून शोधले. पेनिसिलिनने भिंत दुबळी केलेल्या जंतूत ते कितीतरी अधिक शिरत होते. पुढे स्ट्रेप्टोमायसिनची जागा जेंटामायसिनने घेतली. पण ते मूत्रपिंड आणि कान बिघडवते, आणि त्याला दाद न देणारे एन्टरोकॉकसही वाढले. म्हणून आता पुष्कळदा अ‍ॅम्पिसिलिनसोबत सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन देतात. एकटे सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन एन्टरोकॉकसला काहीच करत नाही. पण अ‍ॅम्पिसिलिन ज्या जोडणाऱ्या एन्झाइमांना पुरते झाकू शकत नाही, त्यांतली काही ते झाकते, आणि दोघांच्या मध्ये सापडलेला जंतू मरतो. हा उपचार शिरेवाटे सहा आठवडे चालतो.